अळवावरचा थेंब आणि विजेचा पट



दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली, ती दिवस भरायच्या आधी. वजन जेमतेम दीड किलो. जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवले होते. दुसऱ्या दिवशी अंग पिवळे दिसू लागले म्हणून रक्त तपासायला घेतले. संध्याकाळी पुन्हा घेतले. तिसऱ्या दिवशी शहरातून निरोप आला, की नमुना अपुरा आहे, पुन्हा पाठवा. सिस्टर पुन्हा सुई घेऊन आल्या तेव्हा माझी आई मध्ये उभी राहिली. आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. ती म्हणाली, "अहो बाई, त्या मुठीएवढ्या जिवात रक्त ते असणार किती, आणि तुम्हाला लागतं किती?"

प्रश्न सरळ गणिताचा होता. मी महाविद्यालयात गणित शिकवतो, एम.ए. झालेलो आहे, पण त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे हिशेब मांडला तेव्हा आईचा प्रश्न किती रास्त होता ते कळले. नवजात बालकाच्या अंगात किलोमागे सुमारे ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. दीड किलोच्या बाळात सगळे मिळून १२० ते १३५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप! त्यातून दीड मिलिलिटर काढणे म्हणजे धडधाकट मोठ्या माणसाच्या अंगातून जवळजवळ अर्धा कप काढण्यासारखे झाले. असे दिवसातून दोनदा करायचे म्हटले तर कुठलीही आजी मध्ये पडेलच.

आता खरी मेख पाहा. ज्या रासायनिक क्रियेवरून कावीळ किती वाढली किंवा साखर किती आहे ते कळते, तिला स्वतःला इतके रक्त लागतच नाही. एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, तिला पुष्कळदा पुरतो. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब सुमारे ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे त्या एका थेंबात पन्नास तपासण्या व्हाव्यात. मग बाकीचे रक्त जाते कुठे? ते जाते भांड्यात. नळी भरायला काही, रक्तातले पाणी वेगळे काढताना काही, यंत्राच्या सुईत आणि नळ्यांत काही अडकून राहते, आणि पुन्हा तपासावे लागले तर असावे म्हणून थोडे बाजूला ठेवतात. वाढणाऱ्याच्या पळीलाच इतकी आमटी चिकटावी की पानात चार थेंब पडावेत, तसा हा प्रकार.

कोणी म्हणेल, मग नळ्या बारीक करा. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना याचे उत्तर मी सांगायला नको. भोक जितके बारीक तितके ते तुंबते आणि दाब जास्त लागतो. प्वाझय नावाच्या एका फ्रेंच वैद्याने अंगातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते याचा विचार करता करता, १८४० च्या सुमारास, याचा नियमच शोधून काढला. नळीचा व्यास निम्मा केला आणि तेवढ्याच वेळात तेवढेच पाणी काढायचे म्हटले, तर दाब दुप्पट नव्हे, चौपट नव्हे, १६ पट लागतो. व्यास एक-दशांश केला तर दहा हजार पट! शिवाय नळी एकदा काचेत कोरली की ती कोरलीच. उद्या दुसरी तपासणी करायची झाली तर दुसरी काच घ्या.

म्हणून काही संशोधकांनी प्रश्नच उलटा केला. नळीही नको आणि पंपही नको. थेंबालाच चालायला शिकवता येईल का?

थेंब कसा चालतो हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. परसात सांडपाण्याच्या कडेला अळू असते. त्याच्या पानावर पाणी पडले की ते ओलावा न ठेवता मोत्यासारखे घरंगळते. क्षणभंगुर गोष्टीला आपण 'अळवावरचे पाणी' म्हणतो ते याचमुळे. त्या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणासारखा थर असतो. पाणी त्या उंचवट्यांच्या टोकांवर टेकून राहते. खाली हवा असते, त्यामुळे पानाची आणि पाण्याची गाठभेट अशी होतच नाही.

आता तो थेंब गोल का? पाण्याच्या आतला रेणू चारी बाजूंनी शेजाऱ्यांकडून ओढला जातो, म्हणून तो समाधानी. कडेच्या रेणूला बाहेरच्या अंगाला शेजारी नाहीत, त्याला नुसती आतली ओढ. म्हणून पाणी आपली उघडी कड कमीत कमी ठेवायला पाहते आणि सर्वांत कमी कड गोलाची. या ओढीला पृष्ठताण म्हणतात. विहिरीत किंवा हंड्यात त्याची मातब्बरी चालत नाही, कारण तिथे पाण्याचे वजन भारी असते. पण थेंब लहान होऊ लागला की पारडे फिरते. व्यास दहावा हिस्सा केला तर वजन हजारावा हिस्सा उरते, पृष्ठताणाचे बळ मात्र दहावा हिस्साच होते. पाण्याच्या बाबतीत अडीच-तीन मिलिमीटरच्या खाली गेलो की राज्य पृष्ठताणाचे. तेव्हा एवढ्याशा थेंबाला हलवायचे तर त्याला ढकलण्यापेक्षा त्याचा पृष्ठताण ज्याच्या हाती तो धनी.

शिक्षकबंधू-भगिनींनो, इथे वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सांगतो. अळूचे ताजे पान टेबलावर सपाट ठेवा, त्यावर एक छोटा थेंब सोडा. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर दहा-बारा वेळा जोराने फिरवा आणि थेंबाला न लावता जवळ आणा. थेंब कंगव्याकडे धावत येतो. कंगवा मागे घेत नेला तर पाळलेल्या कोकरासारखा मागे मागे येतो. कंगव्यावरचा विद्युत्भार थेंबातल्या विरुद्ध भाराला आपल्या बाजूला खेचतो आणि त्या ओढीने थेंब चालतो. कंगव्यावर धन भार असो की ऋण, थेंब ओढलाच जातो, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे. प्रयोग कोरड्या हवेत करावा. पावसाळ्यात अळू माजलेले असते पण हवा दमट, त्यामुळे कंगव्यावर भार टिकत नाही आणि मुलांपुढे आपली फजिती होते.

आता जरा मागे, जर्मनीतल्या हायडेलबर्ग गावी जाऊ. १८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. लक्झेंबर्गमध्ये १८४५ साली जन्मलेला गाब्रिएल लिपमान हा तरुण फ्रेंच शास्त्रज्ञ तिथे शिकायला आला होता. तिथल्या क्यूने नावाच्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाने त्याला एक गंमत दाखवली. सौम्य गंधकाम्लाखाली पाऱ्याचा थेंब ठेवलेला. त्याच्या कडेला लोखंडी तार लावली की थेंब आकसायचा, तार काढली की पूर्ववत पसरायचा. पुष्कळांनी ती गंमत पाहिली असेल आणि 'वा' म्हणून पुढे गेले असतील. लिपमान थांबला. पारा आणि आम्ल यांच्या सीमेवर वीज बदलली की पृष्ठताण बदलतो, हे त्याने मोजून दाखवले आणि १८७५ मध्ये त्याचा नियम मांडला. पाऱ्याची विषारी वाफ सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा हा प्रयोग शाळेत कोणी करू नये.

लिपमानने त्यावरून एक उपकरणही केले. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत पारा आणि आम्ल. विजेचा दाब व्होल्टच्या हजाराव्या भागाहून कमी बदलला तरी नळीतल्या पाऱ्याचे टोक हलायचे. हेच उपकरण घेऊन लंडनच्या ऑगस्टस वॉलरने १८८७ मध्ये माणसाच्या हृदयाची वीज प्रथम नोंदवली. वॉलरचा जिमी नावाचा कुत्राही मिठाच्या पाण्यात पाय बुडवून शांतपणे उभा राहायचा आणि आपल्या हृदयाची नोंद करून द्यायचा. आज आपण ज्याला ई.सी.जी. म्हणतो त्याची सुरुवात अशी एका पाऱ्याच्या थेंबातून झाली. लिपमानला १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते रंगीत छायाचित्रणासाठी. थेंबाची ही विद्या बराच काळ मागेच राहिली.

ती का मागे राहिली, त्यालाही कारण होते. पाऱ्याऐवजी साध्या पाण्यात तार बुडवून दीड-दोन व्होल्टचा दाब दिला की पाणी फुटू लागते. एका तारेवर हायड्रोजनचे, दुसरीवर ऑक्सिजनचे बुडबुडे. टॉर्चचे दोन सेल आणि मिठाचे पाणी घेऊन आठवीची मुले हा प्रयोग करतात. म्हणजे थेंबाला हलवण्याइतका जोर लावायला जावे तर थेंबच मोडतो. मध्यंतरी प्रयत्न झाले नाहीत असे नाही. विजेने पृष्ठभाग भिजवण्याच्या या क्रियेला 'इलेक्ट्रोवेटिंग' हे नाव १९८१ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या बेनी यांनी दिले. पण कोंडी फोडली ती ग्रेनोबलच्या ब्रूनो बेर्ज या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १९९३ मध्ये.

त्याने केले ते ऐकायला अगदी साधे वाटते. धातू आणि पाणी यांच्यामध्ये विजेला अडवणारा एक पातळ पापुद्रा घातला. वीज पाण्यात शिरू शकत नाही, मग पाणी फुटणार कसे? पण विजेची ओढ त्या पापुद्र्याच्या आरपार पोचते. वीज अडवली आणि तिची ओढ ठेवली, एवढीच ती युक्ती. त्याबरोबर एक-दोन व्होल्टची मर्यादा गेली आणि पन्नास-शंभर व्होल्टपर्यंत दाब देता येऊ लागला.

गणिताच्या माणसाला याचे सूत्र फार आवडण्यासारखे आहे. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणू. स्वच्छ काचेवर पाणी पसरते, तिथे हा कोन अगदी लहान. न चिकटणाऱ्या तव्याला जो टेफ्लॉनचा लेप असतो त्यावर थेंब फुगून बसतो, तिथे तो १२० अंशांच्या जवळपास. वीज दिली की या कोनाचे कोसाइन वाढते, म्हणजेच कोन कमी होतो आणि थेंब खाली पसरतो. किती वाढते? तर व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात. दाब दुप्पट केला तर परिणाम चौपट. आणि वर्ग म्हटला की ऋणाचाही धनच होतो. म्हणून तारा उलट्या जोडल्या तरी थेंब पसरतोच. मघाशी कंगव्याच्या वेळी लक्षात ठेवायला सांगितले ते हेच. पापुद्रा मात्र जितका पातळ तितका परिणाम जास्त, तो साध्या व्यस्त प्रमाणात.

एक उदाहरण करून पाहू. पापुद्रा एक मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि साध्या प्लॅस्टिकच्या जातीचा. वीज नसताना कोन १२० अंश, त्याचे कोसाइन उणे अर्धा. ५० व्होल्ट दिले की सूत्राप्रमाणे कोसाइनमध्ये सुमारे ०.४६ ची भर पडते. बेरीज शून्याच्या जरा खाली, म्हणजे कोन सुमारे ९२ अंश. फुगून बसलेला थेंब डोळ्यांदेखत खाली बसला. आता १०० व्होल्ट द्या. भर चौपट, म्हणजे १.८४, त्यातून अर्धा वजा केला तर १.३४. शाळकरी मुलगाही म्हणेल, सर, कोसाइन एकाच्या वर जात नाही! बरोबर. प्रत्यक्षात थेंब पूर्ण सपाट होण्याच्या पुष्कळ आधीच, साठ-ऐंशी अंशांच्या आसपास, कोन कमी व्हायचा थांबतो. तो नेमका का थांबतो याविषयी आजही शास्त्रज्ञांचे एकमत नाही. सूत्र कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते हे दाखवणारी अशी जागा मुलांना अवश्य दाखवावी.

इथवर थेंब जागच्या जागी पसरला. त्याला चालवायचे कसे? त्यासाठी काचेवर धातूचे छोटे छोटे चौकोन आखायचे, बुद्धिबळाच्या पटासारखे. प्रत्येक चौकोनाला वेगळी तार. वर पापुद्रा, त्यावर टेफ्लॉनसारखा लेप, वरून दुसरी काच झाकण म्हणून. दोन काचांमध्ये मिलिमीटरचा एक-दशांश ते एक-तृतीयांश इतकीच फट आणि त्या फटीत दबलेला थेंब, दोन तळहातांत धरलेल्या पेढ्यासारखा. थेंब चौकोनापेक्षा किंचित मोठा ठेवतात, म्हणजे त्याची कड शेजारच्या चौकोनावर टेकलेली असते. ही कड टेकली नाही तर सगळा खेळ फसतो. आता शेजारच्या चौकोनाला वीज द्या. थेंबाच्या त्या बाजूला पृष्ठभाग 'ये' म्हणतो, मागच्या बाजूला नाही. थेंब पुढे सरकतो. मग त्याच्या पुढचा चौकोन चालू, मागचा बंद.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पोलॅक, फेअर आणि शेंडेरोव्ह यांनी २००० मध्ये हे करून दाखवले. पट कसला, सात चौकोनांची एक रांग होती ती, प्रत्येक चौकोन दीड मिलिमीटरच्या अंतरावर. एका मायक्रोलिटरहूनही लहान थेंब ४० ते ८० व्होल्टवर एका चौकोनातून दुसऱ्यात गेले, सेकंदाला वीस घरांपर्यंत. म्हणजे सेकंदाला तीन सेंटिमीटर. मुंगी बरी धावली असे म्हणावे. पुढे २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चो, मून आणि किम यांनी साठ्यातून थेंब तोडून काढणे, चालवणे, दोन थेंब एक करणे आणि एकाचे दोन करणे या चारही गोष्टी एकाच रीतीने साधून दाखवल्या. एकाचे दोन करायला तीन चौकोन लागतात. दोन्ही बाजूंचे चालू, मधला बंद. थेंब दोन्हीकडे ओढला जातो, मध्ये बारीक होतो आणि तुटतो.

या विद्येला 'डिजिटल' म्हणतात ते ऐकून दचकू नये. दूध आपण मापाने घेतो, अंडी मोजून. नळीतले पाणी मापाने जाते, इथे थेंब मोजून जातात. एक, दोन, तीन. रक्ताचा एक थेंब, औषधाचे दोन, धुण्याचे चार, अशी पाककृती लिहून संगणकाला दिली की झाले. उद्या दुसरी तपासणी करायची तर पट तोच, पाककृती दुसरी.

मला स्वतःला या विषयाची गोडी लागली ती इथे. एकाच पटावर दहा थेंब चालवायचे आहेत. दोन थेंब शेजारशेजारच्या घरांत आले की एकमेकांत मिसळले म्हणून समजा, आणि मग कुणाचे रक्त कुणात! म्हणून प्रत्येक थेंबाभोवती एक घर मोकळे ठेवावे लागते, आणि ते या क्षणीच नव्हे तर पुढच्या खेळीतही. एस.टी. स्थानकात दहा गाड्या, एकच फाटक, आणि दोन गाड्यांनी एकमेकींना शिवायचेही नाही, अशा वेळापत्रकासारखे हे कोडे आहे. मुलांना चौकटीच्या वहीवर चिंचोके घेऊन हे सोडवायला द्यावे. चार चिंचोक्यांतच घाम फुटतो.

आणखी एक अडचण मिसळण्याची. कपात साखर ढवळली की पाण्यात भोवरे होतात आणि ती विरघळते. इतक्या लहान थेंबात भोवरे होतच नाहीत, दोन रंग शेजारी शेजारी नुसते बसून राहतात. म्हणून थेंबाला पटावर गोल गोल फिरवतात, दुमडतात, परत फिरवतात. ताक घुसळण्यापेक्षा कणीक मळण्याच्या जवळचे काम.

आता हे सगळे प्रयोगशाळेच्या बाहेर आले का? आले, थोडेफार. थेंबाचा फुगवटा विजेने बदलून त्याचेच भिंग करतात, हा धंदा बेर्ज यांनी स्वतःच २००२ मध्ये लियोंला सुरू केला. पण आपला विषय रक्ताचा. कॅनडात टोरांटो विद्यापीठात आरन व्हीलर यांच्या मंडळींनी असा पट काच कोरून नव्हे तर इंकजेट छपाईयंत्राने छापून तयार केला, म्हणजे तो स्वस्त पडावा. २०१६ मध्ये ते आपली पेटी घेऊन केनियाच्या वायव्येला काकुमा या निर्वासितांच्या छावणीत गेले. प्रश्न असा होता, की या मुलांच्या आणि त्यांना सांभाळणाऱ्यांच्या अंगात गोवर आणि रुबेला यांच्याविरुद्धचे प्रतिपिंड आहेत की नाहीत. आपल्याकडे २०१८ च्या अखेरीस शाळाशाळांतून गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम झाली ती शिक्षकांना आठवत असेल. लस टोचली, पण ती किती जणांत रुजली, हे कळायला रक्तच तपासावे लागते.

बोटाला टोचून काढलेले रक्त पटावर ठेवले. त्या पटावर लोहचुंबकाला चिकटणारे बारीक कण असलेला थेंब येतो. कणांवर विषाणूचा अंश लावलेला असतो, त्याला रक्तातले प्रतिपिंड येऊन चिकटतात. मग खाली चुंबक आणतात. कण जागेवर राहतात आणि थेंब पुढे चालता होतो. हे झाले धुणे. पाण्याचे थेंब येतात, जातात, आणि शेवटी येणाऱ्या थेंबाने कण उजळतात. उजेड किती यावरून प्रतिपिंड किती ते कळते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे मोठ्या प्रयोगशाळेच्या उत्तराशी या पेटीचे उत्तर गोवरात शंभरातून ८६ वेळा आणि रुबेलात ८४ वेळा जुळले.

हा आकडा ऐकून टाळ्या वाजवाव्यात की नाही? माझे मत असे, की गावात लस पोचली का, कुठली वस्ती राहून गेली, हे पाहायला असे उत्तर उपयोगी आहे. एका मुलाला उद्देशून 'तुला लस नको' असे सांगायला ते पुरेसे नाही. शंभरातली चौदा-सोळा मुले ही कोणाची तरी मुले असतात.

दुसरे उदाहरण नवजात बाळांचे आहे. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात जानेवारी २०१३ पासून बाळाच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या डागावर अशा पटाने तपासणी सुरू झाली. टिपकागदाची युक्ती जुनी आहे, रॉबर्ट गथ्री या डॉक्टरांनी १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत ती रूढ केली. वाळलेल्या डागातून तीन मिलिमीटरची टिकली पाडायची. तिच्यात सुमारे तीन मायक्रोलिटर रक्त असते. त्यात चार दुर्मिळ रोगांसाठी एकेक विकर तपासतात. पॉम्पे नावाचा रोग घ्या. साठवलेली साखर फोडणारे विकर बाळाच्या अंगात नसते, ती स्नायूंत साचत जाते, हृदय थकते. लवकर कळले तर ते विकर बाहेरून देता येते. या यंत्राला अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने फेब्रुवारी २०१७ मध्ये मान्यता दिली.

मग आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे का दिसत नाही? मी तरी तिथे ते अजून पाहिलेले नाही. कारणे आहेत. रक्तातली प्रथिने लेपाला चिकटतात. भांड्याला दूध लागले की ते भांडे पुढे प्रत्येक वेळी लागते, तसेच इथे होते आणि थेंब अडखळू लागतो. त्यावर उपाय म्हणून थेंबाभोवती पातळ तेल भरतात, साबणासारखे पदार्थ मिसळतात, पण तेलाचे वेगळे झंझट. एक मायक्रोलिटरचा थेंब उघडा राहिला तर काही मिनिटांत उडून जातो. पापुद्र्यात डोळ्यांना न दिसणारे एक भोक असले तरी तिथून वीज शिरते, पाणी फुटते आणि पट वाया जातो. विजेच्या भारनियमनाची मात्र भीती नाही. व्होल्ट पुष्कळ असले तरी प्रवाह नगण्य, बॅटरीवर भागते. अडते ते औषधे थंड ठेवण्यापाशी आणि पटाच्या किमतीपाशी.

शिवाय सोप्या कामाला सोपे साधन आहेच. आशाताईंकडे हिवतापाची जी पट्टी असते तिच्यात वीज नाही की संगणक नाही. कागद रक्त शोषतो आणि रेघ उमटते. दोन पायऱ्यांचे काम असेल तिथे ती पट्टीच बरी. धुवा, मिसळा, थांबा, पुन्हा धुवा, असे दहा पायऱ्यांचे काम आले की मग हा पट हवा.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो, कारण तिला मी उत्तर द्यायचे राहिलो होतो. भाचीच्या त्या वेळच्या कागदांची गुंडाळी बहिणीने जपून ठेवली होती. मध्यंतरी ती काढून एका डॉक्टर मित्राला दाखवली. चार तपासण्या होत्या. त्यातली कावीळ आणि साखर एका थेंबातही झाली असती. पेशींच्या मोजणीला थोडे जास्त. पण चौथी होती रक्तात जंतू आहेत का ते पाहण्याची. तिथे गणित आडवे येते. समजा, एका मिलिलिटर रक्तात दहा जंतू आहेत. मग एक मायक्रोलिटरच्या शंभर थेंबांत मिळून एक जंतू सापडायचा. बाकीचे नव्व्याण्णव थेंब खोटा दिलासा देणार. थेंब कितीही शहाणा केला तरी जे त्याच्यात आलेच नाही ते तो दाखवणार कुठून? या तपासणीला नवजात बाळाचेही मिलिलिटरभर रक्त घ्यावेच लागते, आणि अपुरा पडलेला नमुना नेमका तोच होता.

हे मी घरी आईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. भाची शेजारीच बसून अळूच्या पानावर कंगव्याने थेंब पळवत होती, आणि थेंब जागचा हलत नव्हता. आई म्हणाली, "अगं, आत्ताच डोक्याला तेल चोपडलंय तुझ्या मी. आधी न्हाऊन ये."